दुखत नाही, वेदना आहे

चौदा वर्षं मी माणसांना गप्प बसवण्याची नोकरी केली. सासरेबुवांना कोणी विचारलं, "जावई काय करतात?" तर ते आधी खोकायचे आणि मग म्हणायचे, "एका संस्थेत आहेत." संस्था म्हणजे महाप्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेलं एक ध्यानकेंद्र, आणि मी तिथला व्यवस्थापक. या अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या कामातले आध्यात्मिक अनुभव लिहा" असं कळवलं आहे. आध्यात्मिक अनुभव तिथे येणाऱ्यांना यायचे. मला पाण्याचा टँकर न आल्याचे अनुभव आहेत. तरी एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. त्यात एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती, आणि ती माझ्या एका शब्दामुळे आली होती. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तेच लिहितो. बाकीचं ओघात येईल तेवढं येईल.

केंद्रात यायच्या आधी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होतो. संप झाला, संप फुटला, कारखान्याला कुलूप लागलं. आमचं घर मूळचं राजापूरकडचं. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी पाली गाथा म्हटल्या जायच्या. मी पुढे हौसेनं पालीच्या दोन परीक्षा दिल्या. घरात दुसऱ्या कोणालाच पाली येत नसल्यामुळे माझं पाली फार चांगलं आहे असा सगळ्यांचा समज होता, आणि हळूहळू तो माझाही झाला. त्याच सुमारास मुंबईतल्या काही सधन मंडळींनी महाप्याला ध्यानकेंद्र काढलं. त्यांना जागेवर राहणारा, मराठी लिहिणारा, थोडंफार पाली जाणणारा आणि तक्रार न करणारा माणूस हवा होता. चारही गुण एकाच ठिकाणी सापडल्यावर त्यांनी मला फार प्रश्न विचारले नाहीत.

जागा म्हणजे एका खाणवाल्या ठेकेदाराचं जुनं गोदाम होतं. एका अंगाला दगडाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला कारखाने. विश्वस्तांनी ती जागा रविवारी पाहिली होती. रविवारी खाण बंद असते आणि कारखान्यांची धुराडीही जरा दम खातात. डोंगर हिरवा होता, बुलबुल ओरडत होते, आणि एक विश्वस्त म्हणाले, "तपोवन आहे हो, तपोवन." सोमवारी दुपारी साडेबाराला पहिला सुरुंग उडाला तेव्हा करार होऊन गेला होता.

माझं काम काय होतं ते सांगतो. विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं असतं. येणाऱ्याला आम्ही साधक म्हणायचो. साधक आला की त्याच्याकडून वर्तमानपत्र, ट्रान्झिस्टर, विड्या आणि तंबाखूची चंची काढून घ्यायची. चंची देताना डोळ्यांत पाणी आलेले पोलादी पुरुष मी पाहिले आहेत. मग मौन. दहाव्या दिवशी सकाळी आचार्यजी मंगल कामनेची गाथा म्हणून मौन सोडवत, तोवर कोणी कोणाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत. फार अडलं तर व्यवस्थापकाशी हळू आवाजात बोलायचं, आणि दुपारी एक वाजता आचार्यजींना थोडक्यात प्रश्न विचारायचे. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून डोक्याच्या टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकेका अवयवावरून मन फिरवायचं आणि तिथे जे जाणवेल ते नुसतं बघायचं. खाज असेल, ऊब असेल, मुंग्या असतील. आवडलं म्हणून धरून ठेवायचं नाही, नावडलं म्हणून झटकायचं नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी दहा मिनिटं डास न मारता बसून बघावं.

आमच्याकडे डासांखेरीज सुरुंगही होते. डोळे मिटून बसलेले साठ साधक एकदम चार बोटं वर उडायचे. आचार्यजी शांतपणे म्हणायचे, "आवाज़ आई, आवाज़ गई. अनित्य है." आवाज खरंच जायचा. पत्र्यावरून सगळ्यांच्या डोक्यावर पडलेली धूळ मात्र जायची नाही, ती मला झाडावी लागायची. कारखान्यांनी गॅस सोडला की कोबी नासल्यासारखा वास यायचा, तेव्हा मी खिडक्या लावायला धावायचो. आचार्यजी त्यालाही अनित्य म्हणायचे. एरवी माणूस फार चांगला. मुंबईत कापडाचा मोठा धंदा होता, तो मुलांवर सोपवून आलेले. कधी कोणावर आवाज चढवला नाही. त्यांची हिंदी अत्यंत शुद्ध होती.

स्वयंपाकघर बायजाबाईंचं होतं. बायजाबाई घणसोली गावातल्या आगरी. शेत नव्या शहरासाठी गेलं, नवऱ्याचं मिठागरावरचं काम सुटलं, म्हणून त्या साठ माणसांचा डाळभात रांधायला येऊ लागल्या. मौनाचा नियम त्यांना लागू नव्हता, म्हणजे तो त्यांना लागू करायची माझी हिंमत नव्हती. ध्यानाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "बसून बसून पाय दुखवाचे, नि उठल्यावर बरं वाटलं म्हनाचं. ह्याला दहा दिवस क्याला?"

सुरुवातीची चार वर्षं शिबिरं हिंदीत चालायची. मग बेलापूर पट्टीतली, तुर्भ्याची, मराठवाड्यातून आणि कोकणातून इथे पोटासाठी आलेली आमची माणसं विचारू लागली, की बुद्धाची विद्या आणि आम्हाला समजेल अशा भाषेत का नाही? प्रश्न रास्त होता. विश्वस्तांनी ठराव केला, आणि आचार्यजींच्या सूचनांचं मराठी करून ते शिबिरात वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचो तेव्हा आचार्यजी आपल्या खोलीत ध्यानाला बसलेले असायचे. प्रश्नोत्तरांच्या वेळी दुभाष्याही मीच. आचार्यजींची एकच अट होती, की शब्दाला शब्द द्यायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मला ती अट फार आवडली.

भाषांतराला मी दोन महिने घेतले. पालीत 'अनिच्च' म्हणजे न टिकणारं. पण 'अनिच्च, अनिच्च' असं म्हटलं की आपल्या माणसाला 'अनिच्छा' ऐकू येतं, हे माझ्या वेळीच लक्षात आलं. दहा दिवस अनिच्छेचं ध्यान झालं असतं. तिथे मी सरळ 'अनित्य' हा शब्द घातला आणि स्वतःवर खूश झालो. पुढचा शब्द आला तो शरीरावर जे जाणवतं त्याचा. आचार्यजी हिंदीत 'संवेदना' म्हणायचे. मला ते पटेना. मूळ ग्रंथात शब्द 'वेदना' असा आहे. पालीत वेदना म्हणजे शरीराला जाणवेल ते सगळं, सुखाचंही आणि दुःखाचंही. मूळ अस्सल शब्द समोर असताना त्याच्या डोक्यावर 'सं'ची टोपी कशाला? शिवाय 'वेदना' हा शब्द शिकवावा लागणार नव्हता, मराठीत तो सगळ्यांना ठाऊक होता. नेमकं तेच वाईट होतं, पण ते कळायला मला वेळ लागला.

भाषांतर तयार झाल्यावर ते कोणाला तरी वाचून दाखवावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. बायजाबाई तांदूळ निवडत होत्या. मी वाचू लागलो, "आता उजव्या खांद्यावरची वेदना बघा. आता उजव्या दंडावरची वेदना बघा."

"नि नसंल तं?" बायजाबाई म्हणाल्या.

"काय नसेल तर?"

"वेदना. खांदा दुखतच नसंल तं त्यानी काय बगाचं?"

मी हसलो. शिकलेला माणूस हसतो तसा हसलो. "बायजाबाई, पालीत वेदना म्हणजे दुखणं नव्हे."

"पालीन नसंल. पन येनारी मानसं काय पालीची हाईत?"

मी त्यांना पाव तास समजावून सांगितलं. सुखद वेदना, दुःखद वेदना, ना सुखद ना दुःखद वेदना. त्या तांदूळ निवडत राहिल्या आणि शेवटी "बरं" म्हणाल्या. त्यांचं ते 'बरं' मी होकारात जमा केलं.

पहिलं मराठी शिबिर भरलं. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं, श्वास हा श्वासच राहिला. चौथ्या दिवशी मी "वेदना बघा" म्हणालो, आणि शिबिराला कळा आली. दुपारच्या प्रश्नांना बायकांची रांग लागली. पहिली म्हणाली, "मला गुडघ्यात आहे." दुसरी म्हणाली, "मला गुडघ्यात आणि कमरेत." तिसरी त्या दोघींकडे बघून म्हणाली, "मला बाळंतपणापासून आहे." मी हे सगळं आचार्यजींना हिंदीत सांगायचो, आणि शब्दाला शब्द या नियमानं मराठी 'वेदना'चं 'संवेदना' करायचो. आचार्यजी प्रसन्न व्हायचे. हिंदी शिबिरात इतक्या जणांना इतक्या लवकर काही जाणवत नसे.

त्या शिबिरात नवं शहर वसवणाऱ्या एका सरकारी कार्यालयातले अधिकारी होते, निवृत्तीला टेकलेले. लिहायला बंदी होती, पण अर्ज म्हणजे लिहिणं नव्हे असं त्यांचं मत असावं. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर कागद ठेवला: "महोदय, माझ्या डाव्या व उजव्या बाजूच्या साधकांना वेदना होत असून मला अद्याप झालेल्या नाहीत. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी." मी त्यांना कानात सांगितलं, धीर धरा, होतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी आसन बाजूला सारलं आणि थंडगार शहाबादी फरशीवर बसले. संध्याकाळी दुसरा कागद आला: "वेदना प्राप्त झाल्या. आभारी आहे."

हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना मला काही चुकतंय असं वाटलं नाही. आचार्यजींनी विचारलं, "मराठी शिविर कैसा चल रहा है?" मी म्हणालो, "जी, सबको संवेदना हो रही है." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात बरेच दिवस जाणवत होता, आणि ती वेदना सुखद होती.

दोन महिन्यांनी दुसऱ्या मराठी शिबिरात किसन वाघमारे आला. किसन नांदेडकडचा, राहायला तुर्भ्याच्या वस्तीत. वाशीचा कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून नुकताच इकडे आला होता, आणि किसन तिथे माथाडी होता, म्हणजे ट्रकमधून गोणी पाठीवर घेऊन गाळ्यात टाकायच्या. त्याला त्याची बायको कमलबाई घेऊन आली. त्यानं बाजारात मुकादमाच्या अंगावर कांद्याची भरलेली गोणी फेकली होती. मुकादम वाचला, पण पुन्हा असं झालं तर टोळीतून काढू असं त्याला बजावलं होतं.

"साहेब, ह्यांचा तेवडा राग काडून द्या," कमलबाई म्हणाली. "बाकी मानूस चांगला हाय."

मी म्हणालो, दहा दिवसांनी या. इस्त्रीला कपडे घेतल्यासारखं म्हणालो.

किसनइतका आज्ञाधारक साधक मी पाहिला नाही. शिकलेली माणसं नियमाला कुठे फट आहे ते आधी बघतात. किसनला सांगितलं की संपलं. पहिल्या दिवशी सकाळची बैठक संपल्यावर मी "डोळे उघडा" म्हणायला विसरलो. बाकीचे आपापले डोळे उघडून चहाला गेले. चहा संपला, कपबशा धुवून झाल्या, तरी किसन डोळे मिटून बसला होता. मी जाऊन "किसनराव, उघडा आता" म्हणालो तेव्हा त्यानं उघडले. हे मी त्या दिवशी आचार्यजींना कौतुकानं सांगितलं.

पाचव्या दिवशी दुपारी तो प्रश्नांना आला. त्याला हिंदी येत होती, पण ती बाजारातली होती आणि आचार्यजींपुढे ती काढायची त्याला लाज वाटायची. म्हणून तो माझ्या कानाशी वाकून, आचार्यजींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"साहेब, वेदना आली."

"कुठे?"

"बेंबीपाशी हुती. आता हितं, उजवीकडं खाली सरकली."

मी आचार्यजींना सांगितलं, "संवेदना नाभि के पास थी, अब दाहिनी ओर नीचे सरक रही है."

आचार्यजींचा चेहरा फुलला. शरीरात काही हलू लागलं की साधना पुढे सरकली असं मानतात. ते म्हणाले, "उत्तम. प्रवाह शुरू हुआ है. बस, देखते रहो, कुछ करना नहीं."

मी किसनला सांगितलं, "उत्तम. प्रवाह सुरू झालाय. नुसतं बघत राहा, काही करायचं नाही."

किसन हसला. पाच दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "वाडलीया साहेब." मी सांगितलं, संवेदना तीव्र हुई है. आचार्यजी म्हणाले, तीव्र हो तो भी समता रखो, अनित्य है. मी म्हणालो, "उत्तम. शांत राहा. ती जाणार आहे." सातव्या दिवशी त्याचं अंग तापलं होतं आणि बनियन घामानं भिजलं होतं. "आंग पेटलंया," तो म्हणाला. मी सांगितलं, पूरे शरीर में ऊष्मा है. आचार्यजी म्हणाले, अग्निधातु प्रबल हुई है. मी किसनला म्हणालो, "शरीरातलं अग्नितत्त्व प्रबळ झालंय. उत्तम." त्यानं मान डोलवली आणि भिंतीला धरून आपल्या जागेवर गेला. भिंतीला धरून गेला हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, तत्त्व प्रबळ झाल्यामुळे असेल.

आचार्यजींना मी दोष देत नाही. हिंदी शिबिरात कोणी 'दर्द' म्हणालं की ते ताबडतोब विचारायचे, बीमारी तो नहीं? डॉक्टर को दिखाया? पण 'दर्द' हा शब्द त्यांच्या कानापर्यंत जाऊच शकत नव्हता. वाटेत मी बसलो होतो.

आठव्या दिवशी सकाळी अकराला जेवणाची घंटा झाली. बायजाबाई वाढपाच्या टेबलापाशी होत्या. त्या मला म्हणाल्या, "मॅनेजर, तो माथाडी दोन दिस जेवला नाय."

"साधना लागली की भूक कमी होते," मी म्हणालो.

"माथाडीची?"

असं म्हणून त्यांनी पळी खाली ठेवली आणि त्या पुरुषांच्या भोजनगृहात शिरल्या. तिथे बायकांनी जायचं नाही असा नियम होता, मी स्वतः ती पाटी रंगवली होती. किसन ताटासमोर वाकून बसला होता. बायजाबाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि सगळ्या मौनाच्या मधोमध मोठ्यानं म्हणाल्या, "काय रं बाला, पोटान दुखतंय काय?"

किसननं माझ्याकडे बघितलं, परवानगीसाठी. मी बायजाबाईंना गप्प करायला ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, ते त्याच्यासाठी आहे. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग बहुधा बाईमाणसाला उत्तर न देणं बरं दिसत नाही म्हणून अगदी हळू म्हणाला, "दुखत न्हाई मावशी. वेदना हाय."

बायजाबाईंनी त्याच्या पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. तो ओरडला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र सरळ ताटात पडलं. बायजाबाई वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता सांगा त्याला तुमचा पाली."

मला तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. दोन महिन्यांतले सगळे गुडघे, सगळ्या कमरा, फरशीवर बसलेला तो अधिकारी, आणि तीन दिवसांत तीनदा म्हटलेलं 'उत्तम', सगळं एकदम समोर आलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

टेलिफोन होता तो खालच्या कारखान्याच्या गेटवर. अँब्युलन्सला यायला किती वेळ लागेल ते कोणी सांगेना. शेवटी खाणीतला एक डंपर थांबवला, त्यात ध्यानाची सहा आसनं अंथरली आणि किसनला वर चढवलं. बायजाबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यात खड्ड्यामागून खड्डा येत होता आणि मी दर खड्ड्याला विचारत होतो, "किसनराव, दुखतंय का? बोला, दुखतंय का?" तो बोलला नाही.

वाशीच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं किसनला विचारलं, कुठे दुखतं, कधीपासून, उलटी झाली का. किसन माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरनं मला विचारलं, "पेशंट मुका आहे का?"

"नाही, मौनात आहे."

"कशात?"

मौन आचार्यजींनी सोडवायचं, दहाव्या दिवशी, गाथा म्हणून. तो आठवा दिवस होता आणि मी व्यवस्थापक होतो. मी किसनच्या कानाशी वाकून म्हणालो, "किसनराव, मौन सुटलं. बोला."

तेव्हा किसन ओरडला. चार दिवसांचं सगळं एकदम ओरडला. बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली.

डॉक्टरनं पोट दाबलं, सोडलं, आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. अपेंडिक्स फुटलेलं होतं. तो मला म्हणाला, "किती दिवसांपासून आहे हे?"

"चार."

"मग चार दिवस तुम्ही काय करत होतात?"

"बघत होतो," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी कमलबाई आली. ऑपरेशन चालू होतं आणि काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. ती रडली नाही, माझ्यावर ओरडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "राग काडायला दिला हुता साहेब."

किसन वाचला. दोन दिवस तापात होता, मग ताप उतरला. तीन आठवडे तो रुग्णालयात होता, आणि सहा महिने वजन उचलायचं नाही असं त्याला सांगण्यात आलं. माथाडीला वजन उचलू नको म्हणणं म्हणजे काय, ते त्या तरुण डॉक्टरलाही कळत होतं. त्यानं ते खाली बघून सांगितलं. बाजारातल्या टोळीनं महिनाभर किसनची जागा धरून ठेवली आणि मग दुसरा माणूस घेतला.

पुढच्या रविवारी, म्हणजे खाण बंद असताना, विश्वस्त चौकशीला आले. बुलबुल ओरडत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "दुखत असल्याचं साधकानं तुम्हाला सांगितलं होतं का?" मी म्हणालो, "'दुखतं' असं तो म्हणाला नव्हता." शब्दाला शब्द द्यायची मला सवय झाली होती. त्यांनी ठराव केला की साधकानं आजार लपवला, आणि यापुढे प्रवेशअर्जावर 'मला कोणताही आजार नाही' अशी सही घ्यावी. ठराव माझ्याच अक्षरात आहे. अक्षर चांगलं आलंय.

आचार्यजी त्या बैठकीला होते. सगळे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "उसने तुमसे कौन सा शब्द कहा था?"

"वेदना," मी म्हणालो.

हिंदीतही वेदना म्हणजे दुखणंच. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "उसको जाकर बताओ. पूरा बताओ."

सांगायला जायला मी पाच आठवडे लावले. कधी टँकर आला नाही, कधी पत्रा गळत होता. माणसाला जायचं नसलं की संस्थेत कामाला तोटा नसतो. शेवटी बायजाबाईंनी एका सकाळी मला चहाच दिला नाही. "आदी तुरब्याला जावून या," म्हणाल्या.

किसन घराबाहेर बाजेवर बसला होता. चांगलाच वाळला होता. कमलबाईनं चहा दिला आणि ती उंबऱ्यात बसली. मी सगळं सांगितलं. पालीत वेदना म्हणजे काय, मराठीत काय, मी कोणता शब्द का घेतला, तो काय म्हणाला आणि मी आचार्यजींना काय सांगितलं. बायजाबाईंनी आधीच टोकलं होतं तेही सांगितलं. विश्वस्तांपुढे मी काय बोललो तेही सांगितलं. गोणी फेकणारा माणूस आहे, हे माझ्या मनात होतं, आणि त्यानं काही फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

किसननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे ते दुखणंच हुतं."

"हो."

"मला ठाव हुतं साहेब."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

तो कमलबाईकडे बघून जरासा हसला. पाचव्या दिवशी हसला होता तसाच.

"आवं, आजपत्तर दुखणं घिऊन जितं गेलो तितं समदे म्हनले, नाटक करतुया, उचल गोणी. मुकादम त्येच म्हनला, म्हनून तर फेकली त्येच्या अंगावर. माझ्या दुखण्याला तुमी उत्तम म्हनलात. जलमात पयल्यांदा कुनी म्हनलं. दुखतंय म्हनून ते मोडावं वाटंना."

मी त्यानंतर नऊ वर्षं त्या केंद्रात काम केलं. किसनला रुग्णालयात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सूचनांतून 'वेदना' काढून 'संवेदना' घातलं होतं. 'उत्तम' मात्र मी पुन्हा कोणत्याही साधकाला म्हणालो नाही. आचार्यजी म्हणाले तरी मी ते मराठीत आणलं नाही.